‘याला जरा समजावून सांगा’: समुपदेशनाच्या खोलीत मी काय करते आणि काय करत नाही

प्रश्न सोलापूरच्या एका ताईंचा आहे. धाकटा भाऊ २६ वर्षांचा. इंजिनिअरिंग झालं, मग तीन वर्षं स्पर्धा परीक्षा, दोनदा पूर्वपरीक्षेतच अडकला. गेले सात-आठ महिने खोलीबाहेर पडत नाही, दिवसा झोपतो, रात्रभर मोबाइल. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आहेत आणि ‘सोबत समुपदेशन घ्या’ असं सांगितलं आहे. वडील म्हणतात, ‘चार शब्द सांगायला पैसे कशाला? मीच सांगतो.’ ताईंना जाणून घ्यायचंय की तुम्ही लोक असता कोण, शिकलेले काय असता, आत बसवून नेमकं करता काय, तुमची मतं त्याच्या गळी उतरवणार का, आणि आमच्या घरातलं बाहेर तर जाणार नाही ना.

वडिलांपासूनच सुरुवात करते, कारण त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. चार शब्दच सांगायचे असतील तर खरंच कुणाला पैसे देऊ नयेत. शब्द सांगणारे घरात, गल्लीत, लग्नाच्या पंगतीत फुकट मिळतात, आणि तुमच्या भावाला आजवर चारचे चारशे मिळाले असतील. मी बावीस वर्षं सांगलीत हे काम करते. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक घरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, ‘मॅडम, याला जरा समजावून सांगा.’ ज्याला समजावून सांगायचं तो बाजूला खाली मान घालून बसलेला असतो, आणि त्याला काय समजावलं जाणार आहे ते त्याला आधीच तोंडपाठ असतं. मी समजावून सांगत नाही. मी समजून घ्यायला बसते. त्याला वेळ लागतो, आणि पैसे त्या वेळाचे असतात.

आता आम्ही कोण ते, पटकन सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर त्या विषयात पुढचं शिक्षण घेतलेले डॉक्टर. औषध फक्त तेच लिहून देतात. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञांनी एमएनंतर रुग्णालयात राहून खास प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते; चाचण्या, निदान, उपचार हे त्यांचं क्षेत्र. आणि माझ्यासारखे समुपदेशक. इथे जरा गडबड आहे. आमच्या व्यवसायालाही चौकटीत आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला, पण त्याची घडी अजून नीट बसलेली नाही, आणि दोन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर लावणारेही ‘समुपदेशक’ अशीच पाटी लावतात. म्हणून फोनवर बिनधास्त विचारा: मानसशास्त्रात एमए कुठून केलं, कुणाच्या देखरेखीखाली किती काळ काम केलं, कोणती पद्धत वापरता, आणि अडलात तर कुणाला विचारता. शेवटच्या प्रश्नाला जो ‘मला कुणाला विचारावं लागत नाही’ म्हणेल, तिथे जाऊ नका.

मी इचलकरंजीची. घरामागेच यंत्रमागांचा कारखाना होता आणि वडील तिथे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारे. मागांच्या खटखटाटात बोललेलं ऐकू येत नाही, त्यामुळे तिथली माणसं समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं ओळखतात. वडील घरी आले की घटकाभर मोठमोठ्याने बोलत राहायचे, आणि आम्ही बोलायला लागलो की डोळ्यांऐवजी तोंडाकडे बघायचे. ती सवय मला लागली. समोरचा ‘बरंय सगळं’ म्हणतो तेव्हा त्याचा खालचा ओठ काय करतोय ते मला आपोआप दिसतं, त्यासाठी विद्यापीठात जावं लागलं नाही.

एका मंदीत तो कारखाना सहा महिने बंद होता. वडील ओट्यावर बसून असायचे. दाढी नाही, जेवणावर वासना नाही, कुणी हाक मारली तर दुसऱ्या हाकेला बघायचे. आजी म्हणाली, बाहेरचं काहीतरी आहे. काका म्हणाले, आळस भरलाय अंगात. आईने दोघांचं ऐकून एक नारळ उतरवला आणि एक भांडण केलं. पुढे पुणे विद्यापीठात एमए करताना नैराश्याची लक्षणं फळ्यावर लिहिली जात होती आणि मी ती उतरवून न घेता नुसती बघत बसले होते, कारण तो ओटाच समोर दिसत होता. मी या कामात कशी आले असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. ‘समाजसेवेची आवड’ वगैरे मला नव्हती.

एमएनंतर चार वर्षं एका व्यसनमुक्ती केंद्रात नोकरी केली. तिथली दोन शिकवणं अजून पुरतात. माणूस खोटं बोलतो तेव्हा तो तुमचा अपमान करत नसतो, बहुतेक वेळा स्वतःची लाज झाकत असतो. त्यामुळे खोटं पकडण्यात मर्दुमकी नाही. आणि घसरण ही उपचाराच्या बाहेरची गोष्ट नाही. तीन महिने कोरडा राहिलेला माणूस पुन्हा पिऊन आला की घरचे म्हणतात ‘सगळं पाण्यात गेलं’. तीन महिने पाण्यात जात नाहीत. ते त्याने काढलेत, आणि कसे काढले हे त्याला ठाऊक आहे. तुमचा भाऊ उद्या आठवडाभर सकाळी उठला आणि नवव्या दिवशी पुन्हा दुपारपर्यंत झोपला, तर हे आठवा.

माझी मुख्य पद्धत विवेकनिष्ठ मानसोपचाराची. अल्बर्ट एलिस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास ती मांडली. महाराष्ट्रात ती जितकी रुजली तितकी भारतात इतरत्र क्वचितच रुजली असेल, असं माझं मत. त्याचं श्रेय बरंचसं मुंबईच्या कि. मो. फडके यांना जातं. त्यांनी एलिसशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली आणि इथे शिकवली. पुढे ठाण्यात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या संस्थेमुळे ती मराठीत बोलायला लागली. पद्धतीचा गाभा सोपा आहे. घटना घडते, त्यावर आपण मनात काहीतरी म्हणतो, आणि त्या म्हणण्यातून भावना उभी राहते. परीक्षेचा निकाल एकच, पण एक मुलगा दोन दिवस हळहळतो आणि दुसरा आठ महिने दार लावून घेतो; फरक मधल्या म्हणण्यात असतो.

ते म्हणणं शोधायला मराठी फार सोयीची आहे, कारण आपल्याकडे ‘च’ आहे. माझ्याकडे आलेल्या अशाच एका मुलाचं सांगते. (इथली सगळी उदाहरणं दोन-तीन माणसांचं मिळून एक केलेली आहेत, तपशील बदललेले आहेत. खऱ्या एका माणसाची गोष्ट मी अशी उघड्यावर सांगणार नाही.) त्याला म्हटलं, परीक्षेबद्दल मनात जे येतं ते या कागदावर जसंच्या तसं लिही. त्याने पाच वाक्यं लिहिली. ‘मला पोस्ट मिळालीच पाहिजे. वयाच्या पंचविशीच्या आत मिळायलाच हवी होती. घरच्यांनी एवढा खर्च केला, त्यांना मी तोंड दाखवूच शकत नाही. मित्र पुढे गेले, मी मागेच. माझं काही होणारच नाही.’ मी काही न बोलता लाल पेनने प्रत्येक ‘च’ला गोल केला आणि कागद त्याच्याकडे सरकवला. त्याने मोजले. मग म्हणाला, ‘मॅडम, मागेच मधला ठेवू द्या, तो खराय.’ आम्ही दोघं हसलो. तो त्या खोलीत पहिल्यांदा हसला ते त्या ‘च’वर.

पुढची तीन-चार सत्रं आम्ही एकेका ‘च’वर काढली. ‘मला पोस्ट मिळावी’ ही इच्छा आहे. ती जितकी तीव्र असेल तितकी असू दे, तिला मी हात लावत नाही. ‘मिळालीच पाहिजे’ ही जगाला दिलेली धमकी आहे, आणि ती जगाने ऐकली नाही की सगळा जाच स्वतःवर येतो. इथे लोकांचा एक गैरसमज होतो. त्यांना वाटतं, ही बाई आता ‘जाऊ दे, सोड, टेन्शन नको घेऊ’ म्हणणार. अजिबात नाही. नापास होणं वाईट आहे, त्याचं दुःख व्हायलाच हवं. (बघा, मीही ‘च’ घातला.) दुःख आणि खिन्नता, काळजी आणि चिंता, खंत आणि अपराधीपणा या जोड्यांमधलं पहिलं माणसाला हलवतं आणि दुसरं जागेवर खिळवतं. काळजी वाटणारा मुलगा अभ्यासाला बसतो किंवा दुसरी नोकरी बघतो. चिंतेत बुडालेला छताकडे बघत पडतो. दुसरीतून पहिलीकडे आणायचं, एवढाच माझा उद्योग.

शिकत असताना आम्हाला अमेरिकेतलं एक जुनं चित्रण दाखवलं होतं. एकाच बाईशी कार्ल रॉजर्स, फ्रिट्झ पर्ल्स आणि एलिस हे तीन नावाजलेले मानसोपचारक आपापल्या पद्धतीने एकेकदा बोलतात. मी एलिसच्या पंथातली, पण त्या चित्रणातले एलिस मला घाईत वाटले होते आणि आजही वाटतात. रॉजर्स जवळजवळ काहीच करत नाहीत, आणि ती बाई मोकळी होत जाते. समोरच्याचं मन समजून घेणं, त्याला कुठल्याही अटीशिवाय स्वीकारणं आणि स्वतः मुखवटा न घालता बसणं, हे उपचारकाकडून रॉजर्सचं मागणं होतं. १९५७ च्या एका निबंधात त्यांनी ते मांडलं. मला वाटतं, ‘च’ शोधायला एलिस हवेत, पण लाल पेन हातात घेण्याआधी तीन आठवडे नुसतं ऐकायला रॉजर्स हवेत. त्या मुलाने पहिल्याच दिवशी कागद लिहिला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने माझ्या टेबलावरच्या पेपरवेटबद्दल विचारलं होतं, बाकी काही नाही.

या पद्धतीने मी एकदा फार मोठी चूक केली, तीही सांगते, कारण तुम्ही आमच्या मतांबद्दल विचारलंत. कामाची पहिलीच दोन-तीन वर्षं होती. एक बाई आल्या, चाळिशीच्या. तक्रार एकच, ‘फार चिडचिड होते, मुलांवर हात उठतो.’ बरोबर नवरा, अगदी सज्जन, नम्र. ‘मॅडम, हिला जरा शांत राहायला शिकवा.’ चार सत्रं मी त्यांच्या चिडण्यामागचे विचार तपासले. ‘माझ्या मनासारखं झालंच पाहिजे’ वगैरे सगळं नीट सापडलं. तक्ते भरून घेतले, घरचा अभ्यास दिला, त्यांनी तो केलासुद्धा. पाचव्या वेळी त्या आल्या नाहीत. दीड वर्षाने एका रुग्णालयातून ओळखीच्या परिचारिकेचा फोन आला, ‘तुमच्याकडे यायच्या त्या बाई इथे ॲडमिट आहेत, तुम्हाला भेटायचंय म्हणतात.’ हाताला प्लास्टर होतं. नवरा लग्नापासून मारत होता. मी म्हटलं, ‘मला सांगितलं का नाहीत?’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही विचारलंच नाही. तुम्ही विचारत होता, मला काय वाटलं. काय झालं, ते कुठे विचारलंत?’

त्या वाक्याने माझी पद्धत बदलली. आता पहिल्या भेटीत प्रत्येकाला, बाईला आणि पुरुषालाही, एकट्याला आत बसवून सरळ विचारते: घरात कुणी हात उगारतं का? कुणाची भीती वाटते का? पैसे स्वतःच्या हातात असतात का? उत्तर ‘हो’ असेल तर विचारांचे तक्ते बाजूला राहतात. मार खाणाऱ्या माणसाला ‘तुझ्या मनातलं म्हणणं तपास’ असं सांगणं म्हणजे आणखी एक फटका. तिथे आधी सुरक्षितता, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, तालुक्याचे संरक्षण अधिकारी, माहेरचं कोण उभं राहील, कागदपत्रं कुठे ठेवलीत, हे सगळं. विचारांचं काम नंतर, आणि त्यांना हवं असेल तर.

जातीबद्दलही असंच. एक विद्यार्थी सांगायचा, वसतिगृहात सगळे माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. पुस्तकी उत्तर तयार होतं की दुसऱ्याच्या मनातलं तू गृहीत धरतोयस. ते ओठांवर आलेलं मी गिळलं आणि विचारलं, ‘कधी लक्षात आलं?’ तर पहिल्याच आठवड्यात मुलांनी एकमेकांना सीईटीचे गुण विचारले होते आणि याचे गुण ऐकून कुणीतरी म्हणालं होतं, ‘अच्छा, म्हणजे तू त्या लिस्टमधून.’ त्याने काहीही गृहीत धरलेलं नव्हतं. बऱ्याच भेटींनंतर तो मला म्हणाला, ‘मॅडम, तुमच्या पाटीवरचं आडनाव वाचून मी दोनदा परत गेलो होतो.’ मला राग आला नाही, पण बरंही वाटलं नाही. त्याला काय भीती होती ते आम्ही एक अख्खं सत्र बोललो. पाटी मी काढू शकत नाही; पण आडनाव तटस्थ असतं असा आव आणणं सोडून दिलंय.

आता मतं लादण्याचं. मला मतं आहेत, भरपूर आहेत, आणि सुट्टीच्या दिवशी बहिणीशी फोनवर मी ती हिरिरीने मांडते. खोलीत त्यांचा उपयोग मला फक्त एवढाच की ती मध्ये यायला लागली की ओळखू यावीत. कुणी नवस बोलतं, कुणी गुरुवार करतं, कुणाच्या घरात अंगात येतं. मी देवाशी भांडायला बसलेली नाही. ‘मारुतीला गेल्यावर बरं वाटतं’ म्हणाल तर मी विचारीन, चालत जाता का? किती वाजता? तिथे कुणाशी बोलता? खिन्न माणूस सकाळी उठून, अंघोळ करून, अर्धा किलोमीटर चालून, दोन माणसांशी बोलून आला, तर मला ते देवळासकट हवं आहे. पण कुणी मांत्रिक आजारी मुलीला झोडपत असेल, उपाशी ठेवत असेल, चटके देत असेल, तर तिथे मी गप्प बसत नाही; त्यासाठी २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

एका बाबतीत मी दारातूनच नाही म्हणते. ‘मुलगा मुलांकडेच आकर्षित होतो, त्याला दुरुस्त करा, मुलगी बघून ठेवलीय.’ आई-वडिलांशी मी तासन्‌तास बोलायला तयार असते, त्यांची भीती खरी असते. दुरुस्ती मात्र नाही, कारण बिघाड नाही. प्रौढांमधले संमतीचे समलिंगी संबंध हा गुन्हा नाही असं सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी सांगितलं. समाजाच्या रीतीत बसत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असं २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो. तरी दर दोन-तीन महिन्यांनी एखादं घर येतंच, आणि नाही म्हटल्यावर बहुतेक वेळा दुसरा दरवाजा शोधायला जातं. मुलाच्या हातात मी हळूच माझं कार्ड देते.

घरातलं बाहेर जाईल का, याचं उत्तर मोठ्या शहरात सोपं असतं. आमच्यासारख्या गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून दोन भेटींमध्ये मी वीस मिनिटं रिकामी ठेवते, जाणारा आणि येणारा जिन्यात समोरासमोर येऊ नयेत म्हणून. खाली दातांचा दवाखाना आहे, तो मला फार उपयोगी पडतो. कुणी विचारलं तर दाढ दुखतेय म्हणता येतं. मंडईत कुणी दिसलं तर मी ओळख दाखवत नाही, त्यांनी दाखवली तर दाखवते. पहिल्या भेटीत हे सांगून ठेवावं लागतं, नाहीतर लोकांना वाटतं मॅडमना शिष्टपणा आलाय. वहीत नाव नसतं, क्रमांक असतो. आणि घरच्यांचा फोन येतो, ‘काय म्हणतोय तो? आम्ही पैसे भरतोय, आम्हाला कळायला नको?’ तुमचे वडीलही करतील. मी त्यांना सांगीन, तो वेळेवर येतो, काम करतोय. त्यापुढचं तो सांगेल.

गुप्ततेला कुंपणं आहेत, तीही पहिल्याच दिवशी मी सांगते. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला तर घरच्यांना आणि डॉक्टरांना कळवीन, आणि शक्यतो त्याला आधी सांगून कळवीन. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय असं कळलं तर पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं मला बंधनकारक आहे. न्यायालयाचा आदेश आला तर द्यावं लागेल तेवढंच देईन. बाकी सगळं खोलीतच.

जिवाच्या धोक्यावरून एक गोष्ट. तुमच्या भावाला तुम्ही सरळ विचारा, ‘जगणं नकोसं वाटतं का? मरणाचे विचार येतात का?’ विचारल्याने विचार डोक्यात शिरतो हा समज खोटा आहे. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटतं असं मला कितीतरी जणांनी सांगितलंय. ‘हो’ म्हणाला तर घाबरून भाषण देऊ नका, शेजारी बसा, त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेतावर औषधं असतील तर कुलपात ठेवा, त्याच्या गोळ्यांची स्ट्रिपही तुमच्याकडे ठेवा. रात्री-अपरात्री कुणी सापडलं नाही तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. पोलीस केस होईल या भीतीने घरं प्रयत्न लपवतात, ‘चुकून झालं’ सांगतात. तो काळ गेला. अशा माणसावर तीव्र ताण होता असंच गृहीत धरायचं, त्याला शिक्षा न करता उपचार द्यायचे, ही २०१७ च्या त्याच कायद्याची भूमिका आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलम उतरवलेलंच नाही.

पैशांचं. माझं सत्र ५० मिनिटांचं, ८०० रुपये. ज्यांना जमत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातल्या तीन जागा कमी पैशांच्या आहेत, आणि त्या कुणाच्या हे फक्त मला ठाऊक असतं. उधारी ठेवत नाही. थकबाकी वाढली की माणूस लाजेने यायचा बंद होतो, हे मी दोनदा अनुभवलंय. भेटवस्तू घेत नाही, पण तासगावच्या एका द्राक्षबागायतदार काकांनी शेवटच्या भेटीला पिशवीभर बेदाणे आणले तेव्हा घेतले. ते नाकारले असते तर त्यांना ‘तुमचं माझं आता काही नाही’ असं वाटलं असतं. पाडव्याला दुसरी पिशवी पाठवली, ती परत केली. पहिलीचं मला पटलं होतं, दुसरीचं नाही. नियम म्हणून हे फारसं नीट बसत नाही, मला माहीत आहे.

किती दिवस लागतील? तुम्ही लिहिलंय त्यावरून बारा ते सोळा भेटी धरा, आठवड्याला एक. पहिल्या दोन-तीन भेटींत ‘काही फरक नाही’ असंच वाटेल. गोळ्यांनाही परिणाम दाखवायला काही आठवडे लागतात. बरं वाटायला लागलं म्हणून किंवा वाटत नाही म्हणून, डॉक्टरांना न विचारता त्या बंद करू नका. सुरुवात मनापासून होत नाही, घड्याळापासून होते. त्याच्या जागी माझ्याकडे कुणी आलं असतं तर पहिला आठवडा मी फक्त दोन गोष्टी मागितल्या असत्या: झोप कितीही वाजता लागू दे, सकाळी नऊला खोलीचा पडदा उघडायचा, आणि दिवसातून एकदा घराबाहेर, कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत का होईना. अभ्यासाचं नाव नाही, परीक्षेचं नाव नाही. ते त्याने काढलं तर ऐकायचं.

माझ्याकडे सोलापूरहून दर आठवड्याला यायची गरज नाही. तिथेच कुणीतरी बघा, डॉक्टरांनाच नाव विचारा. वरचे चार प्रश्न फोनवर विचारून घ्या. दोन भेटींनंतर सूत जमलं नाही तर समुपदेशक बदलायला संकोच करू नका, आम्हाला त्याची सवय असते. भावाला ‘तुला समुपदेशनाला न्यायचंय’ म्हणू नका, ‘न्यायचंय’मध्येच त्याचं अर्धं नाही ठरतं. ‘मी एका बाईंशी बोलले, त्या सल्ले देत नाहीत म्हणतात, एकदा बघून येऊ, नाही आवडलं तर भेळ खाऊन परत,’ असं म्हणून बघा.

वडिलांना यायचं असेल तर येऊ द्या. त्यांना बाहेर बाकावर बसावं लागेल आणि पन्नास मिनिटं दार बंद राहील, ती त्यांना फार लांब वाटतील. येताना वर्तमानपत्र घेऊन यायला सांगा. आणि दार उघडल्यावर, गाडीत बसेपर्यंत तरी, ‘काय म्हणाल्या?’ हे विचारू नका म्हणावं.